तळे राखणाऱ्याची तहान

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपल्याकडे फारशी रागाने उच्चारली जात नाही. 'कुंपणच शेत खाते' असे म्हणताना आवाज चढतो, त्यात तक्रार असते. तळे राखणाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण बरेच उदार असतो. राखतो आहे बिचारा, चाखले ओंजळभर तर काय बिघडले, असा समजूतदार सूर त्या म्हणीत आहे. लहानपणापासून कानावरून गेलेल्या या म्हणीत केवढा प्रश्न दडलेला आहे, हे मला बँकेच्या नोकरीत उमगले. ओंजळभर पाणी पिणाऱ्याला चोर म्हणता येत नाही, हे खरेच. अडचण निराळीच असते. तळ्यावर दहा जण घागरी घेऊन उभे असतात, राखणदारालाही तहान लागलेली असते, आणि पाणी कुणाला किती हे त्यालाच ठरवायचे असते.

कारभाराच्या भाषेत या अडचणीला 'परस्परविरोधी हितसंबंध' असे भारदस्त नाव आहे. ते आपल्या दिवाणखान्यात आणून सोडले क्रिकेटने. नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्याने मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवू नयेत, असा मंडळाचाच नियम होता. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती करून आयपीएलला त्यातून वगळण्यात आले. मंडळाचे पदाधिकारी आणि पुढे अध्यक्ष झालेले एन. श्रीनिवासन हे इंडिया सिमेंट्सचे प्रमुख, आणि चेन्नईचा संघ त्याच कंपनीच्या मालकीचा. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. 'पण त्यांनी पैसे खाल्ले का?' असा प्रश्न त्या दिवसांत मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला. प्रश्न स्वाभाविक होता, पण गैरलागू होता. लाच हे कृत्य असते. हितसंबंधांचा पेच ही परिस्थिती असते. त्यात अजून काहीच घडलेले नसते. एकाच माणसाला दोन धन्यांची चाकरी करायची असते, आणि त्यातला एक धनी तो स्वतःच असतो, इतकेच.

अशी वेळ कुणावरही येते. ज्याला बायकामुले आहेत, भाऊबंद आहेत, ज्याने गावाकडे चार एकर जमीन किंवा एखाद्या कंपनीचे शंभर शेअर घेऊन ठेवले आहेत, त्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर कधी ना कधी असा कागद येतोच. येण्यात पाप नाही. तो आला आहे हे ओळखायचे केव्हा आणि ओळखल्यावर करायचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

यासाठी नियम आहेत, आणि ते वाईट नाहीत. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला चौथा नियम सांगतो, की आपल्या कुटुंबातले कुणी ज्या कंपनीत नोकरीला आहे, तिचे प्रकरण किंवा कंत्राट सरकारी नोकराने स्वतः हाताळू नये, वरिष्ठांकडे सोपवावे. आपल्या राज्याचे वर्तणूक नियम १९७९ चे. बँकांसाठी १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे विसावे कलम आहे. संचालकांना आणि त्यांचे हितसंबंध असलेल्या कंपन्यांना कर्ज देण्यावर ते बंधन घालते. १९६८ मध्ये हे बंधन आणखी आवळले गेले, कारण ठेवीदारांचा पैसा संचालकांच्याच उद्योगांकडे वळतो ही तक्रार जुनी होती. पुढच्याच वर्षी, १९ जुलै १९६९ रोजी, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्जे देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बंदी घातली. आम्हां अधिकाऱ्यांनाही दंडक होता: नातेवाइकाचे कर्ज आपण मंजूर करायचे नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचे.

नियम पाळूनही माणूस कसा अडकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा क्रैपाक खटला. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते, आणि ते स्वतः उमेदवारही होते! स्वतःच्या नावाचा विचार चालू असताना ते बैठकीत बसले नाहीत. पण ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा होती त्या सहकाऱ्यांची नावे निघाली तेव्हा ते बसून होते, आणि यादीचा क्रम लावतानाही होते. यादी तयार झाली तेव्हा पहिले नाव त्यांचेच होते. न्यायालयाने ती निवडच रद्द केली. त्या गृहस्थांच्या मनात काय होते हे सिद्ध करणे अवघड आहे, असे न्यायालयाने मान्य केले. पण त्या जागी बसलेल्या माणसाचे मन झुकण्याचा वाजवी संभव होता, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. एका पायाने उंबऱ्याबाहेर आणि एका पायाने आत, असे उभे राहता येत नाही, हा त्या निकालाचा सांगावा.

स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायपरंपरेने फार कसोशीने जपले आहे. १८५२ मध्ये तिथल्या उमरावांच्या सभागृहाने खुद्द लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचा निकाल रद्द केला, कारण ज्या कालवा कंपनीच्या बाजूने त्यांनी निर्णय दिला, तिचे शेअर त्यांच्याकडे होते. त्या शेअरमुळे ते झुकले असतील असे कुणीही म्हटले नाही. तरी निकाल गेला. त्याहून विचार करायला लावणारी घटना १९९८ ची. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्याविरुद्ध ३ विरुद्ध २ मतांनी निर्णय झाला, आणि महिन्याच्या आत तो रद्द करावा लागला. बहुमतातले एक न्यायमूर्ती, लॉर्ड हॉफमन, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलशी संलग्न असलेल्या धर्मादाय संस्थेचे संचालक होते आणि त्या खटल्यात ॲम्नेस्टी ही एक बाजू होती. इथे पैशाचा प्रश्नच नव्हता. एका चांगल्या कार्याशी असलेली बांधिलकी, एवढेच. पण चांगले कार्य हाही एक हितसंबंध असू शकतो, हे त्या दिवशी जगाला दिसले.

नियमांची हद्द इथे संपते. नियमाला मेहुणा कळतो, शेअर कळतात. मध्यरात्री आपल्या आईला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा शेजारी कळत नाही. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून बोलावू असे हसत हसत म्हणणारा कारखानदार कळत नाही. आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या शाळेचा म्हणून ज्याच्याबद्दल उगाच मऊ वाटते तो अर्जदार कळत नाही. या सगळ्यांची यादी करून ती परिपत्रकात घालता येणार नाही. ती ज्याची त्याला आतून कळावी लागते.

आतून कळण्याच्या या गोष्टीला तत्त्वज्ञानात जुने घराणे आहे. ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी मांडले, की सद्गुण म्हणजे डोक्यात ठेवलेले तत्त्व नाही. तो सरावाने अंगी बाणतो. घरे बांधून गवंडी तयार होतो, तसे न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. आणि या सरावाला जोड लागते ती व्यवहारी शहाणपणाची, म्हणजे या वेळी, या माणसाशी, इतपत, असे ओळखण्याची. मधल्या काळात नीतीचा विचार कर्तव्ये आणि परिणाम यांच्याभोवती फिरत राहिला. १९५८ मध्ये एलिझाबेथ ॲन्सकम यांनी एका निबंधात आणि १९८१ मध्ये ॲलस्डेअर मॅकिंटायर यांनी एका ग्रंथात या जुन्या विचाराकडे पुन्हा लक्ष वेधले. 'काय करावे?' याच्या आधी 'कसे माणूस असावे?' हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला.

आपल्याकडे कौटिल्याने हा विचार कारभाराला लावून पाहिला होता. 'अर्थशास्त्रा'त सरकारी धन गिळण्याचे ४० प्रकार त्याने मोजून दिले आहेत, म्हणजे मनुष्यस्वभावाबद्दल त्याला भ्रम नव्हता. तरीही माणसे नेमताना तो नियमांवर थांबत नाही. धर्म, अर्थ, काम आणि भय अशा ४ कसोट्यांवर अमात्यांना पारखून घ्यावे, असे तो सांगतो. धर्माच्या कसोटीला उतरेल त्याच्याकडे न्यायदान द्यावे, अर्थाच्या कसोटीला उतरेल त्याच्याकडे कोष. चारही कसोट्यांना उतरेल तो मंत्री व्हावा. आणि एकीलाही न उतरणाऱ्यांना खाणी, हत्तींची वने, कारखाने इकडे धाडावे. या विभागणीतले मर्म मला फार पटते. माणूस सरसकट प्रामाणिक किंवा सरसकट अप्रामाणिक नसतो. पैशाला हात न लावणारा बदलीच्या भीतीने सही करतो. कुणाला न घाबरणारा स्तुतीपुढे विरघळतो. आपले तळे नेमके कुठल्या बाजूने पाझरते, हे राखणदाराला ठाऊक असले पाहिजे.

म्हणूनच बँकेत असताना मला सर्वांत धास्ती वाटायची ती एका वाक्याची: 'माझं मन स्वच्छ आहे.' हे वाक्य लबाड माणूस क्वचितच म्हणतो. ते प्रामाणिक माणूस म्हणतो, आणि आतून खात्री बाळगून म्हणतो. मी नात्यातल्या माणसालाही निःपक्षपातीपणे तोलीन, अशी त्याची श्रद्धा असते. पण स्वतःच्या डोळ्यातले कुसळ पाहायला स्वतःचाच डोळा वापरावा लागतो, हे तो विसरतो. ज्याला आपल्या मनाची खरी ओळख असते, तो खुर्चीवरून उठतो. मन मलिन आहे म्हणून उठत नाही, तर तेही माणसाचेच मन आहे म्हणून.

मी एका तालुक्याच्या गावी होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शाखाधिकाऱ्यांकडे त्यांच्या मेहुण्याचा ट्रकसाठी कर्जाचा अर्ज आला. कागदपत्रे चोख होती, जामीनदार भक्कम होता. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर पंधरा दिवसांत रक्कम हातात पडली असती. साहेबांनी अर्जावर दोन ओळींचा शेरा लिहिला, की अर्जदार माझा मेहुणा आहे, सबब प्रकरण प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवत आहे. तिथे त्याला तीन महिने लागले. दरम्यान ठरलेला ट्रक गेला, मेहुण्याने सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून दुसरा घेतला, आणि साहेबांच्या घरी अबोला सुरू झाला. त्यांच्या पत्नीने एकदा मला विचारलेला प्रश्न अजून माझ्या कानात आहे. 'परक्याचं काम पंधरा दिवसांत, आणि माझ्या भावाला तीन महिने? आमचा नातेवाईक असणं हा गुन्हा आहे का हो?'

या प्रश्नाला झटकन उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वहिनींचे म्हणणे खरेच होते. नात्यामुळे फायदा होऊ नये म्हणून केलेल्या व्यवस्थेत नात्यामुळे नुकसान झाले होते. त्यात दोष साहेबांच्या शेऱ्याचा नव्हता, पुढच्या कार्यालयाच्या दिरंगाईचा होता. प्रामाणिकपणा इतका महाग ठेवला, की तो परवडणारे थोडेच उरतात. नातेवाइकाचे म्हणून वर गेलेले प्रकरण ठराविक दिवसांत निकाली निघालेच पाहिजे, एवढी साधी शिस्त असती तर त्या घरातला अबोला टळला असता. पण मला साहेबांची खरी परीक्षा दिसली ती त्या शेऱ्यात नाही, तर नंतरच्या तीन महिन्यांत. प्रादेशिक कार्यालयातला संबंधित अधिकारी त्यांचा जुना सहकारी होता. टेबलावर टेलिफोन होता. 'जरा बघा हो तेवढं' एवढे म्हणायला अर्धे मिनिट लागले असते. त्यांनी तो फोन केला नाही. खुर्चीवरून उठणे नियम शिकवतो. उठल्यावर दारातून खुणा न करणे नियमाला शिकवता येत नाही.

याचे दुसरे टोकही मी पाहिले आहे. काही अधिकारी नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाचे न्याय्य कामसुद्धा अडवतात आणि वर 'मी सख्ख्या भावालाही सोडलं नाही' असे मिरवतात. त्यांनाही खुर्चीचा उपयोग स्वतःसाठीच करायचा असतो. फक्त पैशाऐवजी नावलौकिक कमवायचा असतो. कुणी प्रत्येक अवघड कागद 'माझा संबंध येतो' म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतो आणि निवांत बसतो. ॲरिस्टॉटल सद्गुणाला दोन टोकांच्या मधली वाट म्हणतो ती यासाठी. सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये हरयाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात अशीच मधली वाट आखून दिली. जवळचा नातेवाईक मुलाखतीला आला, तर आयोगाच्या सदस्याने त्या मुलाखतीतून आणि त्या उमेदवाराच्या गुणांच्या चर्चेतून बाजूला व्हावे. सगळ्या निवडीतूनच अंग काढून घेण्याची गरज नाही. निवड मंडळाचा सदस्यच उमेदवार असणे वेगळे आणि सदस्याचा नातेवाईक उमेदवार असणे वेगळे, हा तारतम्याचा भाग.

पण कधी कधी निर्णय सोपवायला दुसरा कुणी नसतोच. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर पुण्याने पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आरोप ज्यांच्यावर, ते रघुनाथरावच पेशवेपदावर आले. आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे त्यांच्याच दरबारचे सेवक. शास्त्रीबुवांनी प्रकरण दुसऱ्याकडे पाठवायचे तर कुणाकडे? त्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे सुनावले, आणि पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. या पेचातून बाहेर पडायला दोनच दारे असतात: निर्णय सोडायचा किंवा हित सोडायचे. क्रैपाक खटल्यातल्या अधिकाऱ्याने दोन्ही धरून ठेवले. शास्त्रीबुवांना निर्णय सोडता येत नव्हता, म्हणून त्यांनी हित सोडले.

रामशास्त्रींची आणखी एक आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. त्यांची पत्नी वाड्यावर गेली असता तिला दागिन्यांनी मढवून पालखीतून परत पाठवण्यात आले, आणि शास्त्रीबुवांनी या कुणी दुसऱ्याच बाई आहेत म्हणून दार लावून घेतले. आख्यायिका सुंदर आहे, पण बाई म्हणून ती वाचताना मी दरवेळी उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या त्या माउलीपाशी थबकते. तिला आधी कुणी काही सांगितले होते का? बाणेदारपणाच्या आपल्या गोष्टींत किंमत बहुधा घरातली माणसे मोजतात, आणि त्यांचे मत घेतले जात नाही. आमच्या साहेबांच्या घरातही तेच झाले. वहिनींना त्या शेऱ्याची बातमी भावाच्या तोंडून कळली होती.

माझ्या सासरी 'आमची सून बँकेत साहेब आहे' हे वाक्य कौतुकाने म्हटले जाई. त्या कौतुकाच्या मागोमाग दूरचे कुणी काका फाइल घेऊन येत. त्यांना वाईट म्हणणे मला जमले नाही. आपल्या समाजात ओळख हीच अनेकांची एकमेव पुंजी असते. ओळखीवाचून आपले काम होणार नाही, अशी खात्री पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने झालेला माणूस ओळख शोधणारच. पण म्हणूनच रांगेत उभा असलेला, ज्याची कुणाचीच ओळख नाही असा जो अकरावा माणूस असतो, त्याची बाजू कुणीतरी मनात धरून ठेवावी लागते. तो दिवाणखान्यात येऊन बसत नाही, फराळाचा डबा आणत नाही. राखणदाराने चाखलेले ओंजळभर पाणी कमी पडते ते त्याच्याच घागरीत.

संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०१३ पासून नीतीविषयक २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून मुलेमुली तिची तयारी करत असतात. 'तुम्ही जिल्हाधिकारी आहात आणि तुमच्या आतेभावाने निविदा भरली आहे' अशा धर्तीच्या प्रश्नाला कसे उत्तर लिहायचे, हे त्यांना पाठ असते, आणि ते असावेही. पण उत्तर लिहिताना समोर आत्या बसलेली नसते. ती जेव्हा खरोखर समोर बसते, डोळ्यांत पाणी आणते, तेव्हा जे लागते ते अभ्यासिकेत मिळत नाही. ते घरात मिळते किंवा मिळत नाही. सोसायटीच्या रंगकामाचे कंत्राट भाच्याला द्यायचे आहे, तर सभेत ते उघड सांगून मतदानापासून बाजूला होणारे वडील, किंवा शाळेच्या स्पर्धेत स्वतःची मुलगी उतरली म्हणून परीक्षकपद सोडणारी आई मुलांनी पाहिलेली असेल, तर अर्धे शिक्षण तिथेच झालेले असते.

तेव्हा घरातल्या कुणाला सरकारी नोकरी लागली, तर पेढे वाटून झाल्यावर एकदा सगळ्यांनी निवांत बसावे. आपली जमीन कुठे आहे, कुणाचा धंदा कुठल्या खात्याशी येतो, कोण कुणाचे मिंधे आहे, हे मोकळेपणाने बोलून घ्यावे. कुठल्या गोष्टी आम्ही तुझ्याकडे मागणार नाही, हे थोरल्यांनी आपणहून सांगावे. आणि पुढे एखाद्या संध्याकाळी पोर उशिरा घरी आली, 'काकांचं प्रकरण मी दुसऱ्याकडे दिलं' एवढेच म्हणून गप्प बसली, तर तिला लगेच कारणे विचारू नयेत. आधी जेवायला वाढावे.